वाऱ्याचा हिशोब (लेखांक 5) : सरासरी जुळली, वीज जुळेल?

राधानगरीहून थेट पश्चिमेला रेघ मारली, तर ती सह्याद्रीचा कडा उतरून देवगडच्या समुद्राला भिडते. हवाई अंतर साधारण 65 किलोमीटर. समुद्रातल्या पवनचक्क्यांचं गणित मांडताना जगभर आधार घेतात तो युरोपीय हवामान केंद्राच्या ‘ईआरए-5’ या माहितीसाठ्याचा, आणि त्याचा एकेक चौकोन आहे सुमारे 31 किलोमीटरचा. म्हणजे देवगडचा किनारा, कोकणपट्टी, कडा आणि राधानगरीचं खोरं हे सगळं जेमतेम दोन-तीन चौकोनांत कोंबायचं. तिथे कडा उरत नाही, त्याचा सौम्य उतार होतो. हा डोंगराचा प्रश्न, समुद्र तर सपाट, असं कुणी म्हणेल. भर समुद्रात ते बरंचसं खरंही आहे. पण किनाऱ्यालगत दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात, आणि ती अदलाबदल जमिनीच्या तापण्या-निवण्यावर ठरते. किनाऱ्याचा चौकोन अर्धा पाणी आणि अर्धी जमीन असला, की ‘ईआरए-5’मागच्या संगणकी प्रारूपाला दोन्हींच्या मधलाच वारा दिसतो.

तरीही प्रारूपाच्या तपासणी-अहवालात ‘वेगातली सरासरी चूक जवळपास शून्य’ असं छापून येऊ शकतं, आणि खरी फसगत इथेच आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. समजा, पावसाळ्यात खरा वेग सेकंदाला 9 मीटर होता आणि प्रारूपाने 10 सांगितला. हिवाळ्यात खरा 6 होता, प्रारूपाने 5 सांगितला. दोन्हीकडे सरासरी साडेसातच. घन काढून बेरीज करा : खरी 945, प्रारूपाची 1125. वेगात चूक शून्य, ऊर्जेत 19 टक्के फुगवटा! जोराच्या वाऱ्यात चक्की ठरलेल्या क्षमतेपलीकडे वीज देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा खाली येतो. कर्जाचे हप्ते मात्र खाली येत नाहीत. म्हणून प्रारूप तपासायचं ते ऋतूवार, तासवार आणि वेगाच्या प्रत्येक टप्प्यावर.

समुद्रावरचा वारा मोजायला उपग्रह आहेत की, हा दुसरा आक्षेप. आहेतच, 2009 साली सोडलेल्या ‘ओशनसॅट-2’वर त्यासाठीच उपकरण होतं. पण असं उपकरण लाटांच्या खडबडीतपणावरून वेग काढतं, तोही पृष्ठापासून 10 मीटर उंचीचा. पात्यांचा मध्य असतो 100 मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि मधल्या थराचा हिशोब पुन्हा प्रारूपच करणार. ज्याची परीक्षा, त्यालाच पेपर तपासायला दिल्यासारखं हे. सुटका मोजण्यातच आहे. खंबातच्या आखातात 2017 साली लायडार बसवलं गेलं, ते लेसरच्या झोताने थेट त्या उंचीचा वारा मोजायला. खर्च मोठा आहे, हे मान्य. मात्र केंद्र सरकारने 2024 मध्ये गुजरात आणि तमिळनाडूच्या मिळून 1000 मेगावॉटसाठी 7453 कोटींची योजना मंजूर केली, त्यापुढे मोजणीचा खर्च किरकोळच म्हणायचा. शिवाय खंबातचा आकडा देवगडला चालत नाही : तिथे आखाताचं तोंड, इथे पाठीशी सह्याद्री. कोकणासमोर चक्क्या उभारायच्या, तर किमान एक अख्खा मोसम, जूनचा पहिला झोत ते सप्टेंबरची ओसर, कोकणासमोरच मोजावा लागेल.