वेतनचिठ्ठीतील 200 रुपये आणि न्याय्य कराचा प्रश्न

मुंबई : महाराष्ट्रातील बहुतांश पगारदारांच्या वेतनातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय करापोटी कापले जातात. वर्षाकाठी 2,500 रुपयांच्या या कपातीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मात्र कर ही सुसंस्कृत समाजात राहण्याची न्याय्य किंमत आहे का, या जुन्या प्रश्नाचा उलगडा करण्यास ती उपयोगी पडते.

कर हे सुसंस्कृत समाजासाठी मोजावयाचे मोल आहे, हा विचार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1927 मध्ये एका निकालातील आपल्या भिन्नमतात मांडला. तथापि, किंमत म्हटली की मोबदला ओघाने येतो. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात कर आणि शुल्क यांतील भेद स्पष्ट केला. शुल्क विशिष्ट सेवेसाठी घेतले जाते. कर मात्र सार्वजनिक कार्यासाठी असून त्याच्या बदल्यात करदात्याला थेट लाभाचे आश्वासन नसते.

व्यवसाय कराचा इतिहास हेच सांगतो. 1972 च्या दुष्काळाच्या काळात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या संकल्पनेतील रोजगार हमी योजनेने महाराष्ट्रात व्यापक रूप घेतले. तिच्या खर्चासाठी 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. पुढे 1977 च्या रोजगार हमी कायद्याने स्वतंत्र निधी स्थापन करून त्यात या कराच्या उत्पन्नाइतकीच भर घालण्याचे बंधन राज्यावर टाकले. शहरातील पगारदाराने भरलेल्या पैशातून दुष्काळी भागातील मजुराला बंधाऱ्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर मजुरी मिळाली. 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यामागे हाच अनुभव होता.

कराचा हेतू असा न्याय्य असला, तरी त्याचा भार न्याय्य आहे का, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर हा कर नाही. पुरुषांना मात्र 10,000 रुपयांहून अधिक वेतनावर पूर्ण कर द्यावा लागतो. परिणामी दहा हजारांच्या किंचित वर कमावणाऱ्या पुरुषाच्या उत्पन्नाचा सुमारे 2 टक्के हिस्सा या करात जातो, तर महिना लाखभर कमावणाऱ्याचा जेमतेम 0.2 टक्के.

या विषमतेचे मूळ अंशतः राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 276 नुसार या करावर वार्षिक 2,500 रुपयांची मर्यादा आहे. 1988 च्या घटनादुरुस्तीने ती 250 रुपयांवरून वाढवण्यात आली, त्यानंतर ती बदललेली नाही. त्यामुळे अल्पवेतनधारकांना सवलत देणे राज्याच्या हाती असले, तरी उच्च उत्पन्नावर अधिक कर लावण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे.

अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या आधाराविना कोणताही कर लावता येत नाही. म्हणजेच ही किंमत लोकप्रतिनिधी ठरवतात, आणि ती कोणी किती मोजावी याचा जाब नागरिकांना त्यांनाच विचारता येतो.