परड्यातला उतार

पूर्वी मुलांचे हट्ट ठरलेले असत. पतंग, भोवरा, फार तर सायकल. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं मात्र चक्क उतार मागितला! वाढदिवसाला मामानं स्केटबोर्ड दिला आणि आमच्या गल्लीतला चढ हेच तिचं मैदान झालं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा, टेम्पो, दुधाच्या गाड्या यांची सतत ये-जा आणि या फळीला ब्रेक नाही. खेळ बंद करायचा की त्याला घरात जागा द्यायची, एवढाच प्रश्न उरला.

बेळगावकरांना चाकांचं वेड नवं नाही. रोलर स्केट्स घातलेली मुलं आपण वर्षानुवर्षं पाहतो. स्केटबोर्डवर मात्र पाय बांधलेले नसतात, नुसतं उभं राहायचं असतं. २०२१ मध्ये टोकियोत हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हा जपानच्या मोमिजी निशियानं तेराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकलं. पुढच्या वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण मिळवलं. हे सगळं मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते खरं गं, पण पडलीबिडली तर काय करतीस?"

प्रश्न रास्त होता. म्हणून उतार बांधायचा तो पडण्याचा विचार करूनच, असं ठरलं.

सुतारमामांना बोलावलं. कागदावरचं चित्र पाहून त्यांनी विचारलं, "जारबंडी येन्री अक्का?" माझं माहेर धारवाडचं, त्यामुळे पुढचा सगळा हिशेब कन्नडमध्येच झाला. घसरगुंडी आणि हा रॅम्प यांतला फरक त्यांना लगेच कळला. घसरगुंडी सरळ उतरते, हा उतार गोलाईनं चढतो. मोठ्या वर्तुळाचा तुकडा कापून उभा केल्यासारखा.

आम्ही उंची फक्त २ फूट ठेवली आणि वर्तुळाची त्रिज्या ६ फूट. या मापात वरच्या टोकाशी उतार पंचेचाळीस अंशांहून किंचित जास्त होतो. तीच उंची ठेवून त्रिज्या ४ फूट घेतली तर तो साठ अंशांवर जातो आणि लहान मूल बिचकतं. गोलाई आखताना आमच्या ह्यांनी खिळ्याला दोरी बांधली. मामांनी ती सोडून लांब रीप लावली आणि तिच्या टोकाला पेन्सिल धरली. दोरी ताणली की लांबते, रीप लांबत नाही, हे त्यांचं शास्त्र!

८ बाय ४ फुटांच्या १८ मिलिमीटर प्लायमधून दोन्ही बाजू निघाल्या. साडेचार फूट गोलाई आणि मागे दीड फुटाचा ओटा, असा एकेक तुकडा ६ फूट लांब. मध्ये दर ८ इंचांवर आडव्या रिपा. वर पाण्यात टिकणाऱ्या ६ मिलिमीटर प्लायचे दोन थर, कारण पातळ प्लाय सहज वाकतो. प्रत्येक स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या आत बुडवलं. ओट्याच्या कडेला दीड इंची जीआय पाईप पाव इंच वर राहील असा बसवला. तळाला जमिनीशी प्लायची कड उरते, तिथे चाक अडू नये म्हणून पत्र्याची पट्टी मारली.

खरं काम जमिनीचं निघालं. परड्यात शहाबादी फरशी होती. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचं, ते फरशीच्या सांध्यात अडकतं आणि मूल पुढे फेकलं जातं. म्हणून रॅम्पसमोर पंधरा फूट गुळगुळीत कोबा केला आणि तो पुरता वाळेपर्यंत लेकीला थांबवून धरलं. ते थांबवणंच सगळ्यांत कठीण गेलं!

मग पडण्याचे धडे. हनुवटीखाली पट्टा बांधलेलं हेल्मेट, गुडघ्यांना, कोपरांना आणि मनगटांना पॅड, त्याशिवाय फळीला हात नाही. पहिले पंधरा दिवस रॅम्पवर चढणंच बंद. कोब्यावर तोल सांभाळायचा आणि गुडघ्यांच्या पॅडवर घसरून पडायची सवय करायची. नंतर थोडं वर जायचं आणि तसंच मागे यायचं. ओट्यावरून खाली झेपावणं, म्हणजे ड्रॉप-इन, अगदी शेवटी. त्यात एक गंमत आहे. भीती वाटली की आपण मागे झुकतो, आणि मागे झुकलं की फळी पायांखालून पुढे निसटते. वजन पुढच्या पायावर टाकलं तरच माणूस उभा राहतो. तिथे आई काठावरून "जपून, जपून" ओरडत असेल, तर मूल हमखास मागेच झुकणार. हे कळल्यापासून मी गप्प उभी राहायला शिकले.

सासूबाई आता तुळशीकट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसतात. लेक पडली की त्यांच्या आधी माझी आई धारवाडहून फोनवर म्हणते, "बिद्दरे एळबेकु!" सासूबाईंना आता त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

शेजारची चार मुलंही येतात. दुपारी एक ते चार खेळ बंद, एका वेळी रॅम्पवर एकच जण, आणि मृगाच्या आत ताडपत्री, एवढे नियम. परडं सगळ्यांकडे नसतं, हे खरं. पण मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवारसारख्या खेड्यात २०१५ मध्ये स्केटपार्क झाला, मुलींना आधी संधी आणि शाळा बुडवणाऱ्याला खेळ नाही, अशा शिस्तीवर तो चालला. मग आपल्या कॉलनीच्या उद्यानाचा एखादा कोपरा का मिळू नये? चार कुटुंबांनी मिळून मागितला, तर सुतारमामा आणि ती रीप दोन्ही तयार आहेत.