अठ्ठावीस रुपयांचा सिनेमा आणि त्यानंतर

मोझर बेअरने २००७च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि आपल्याकडे पहिल्यांदाच अस्सल माल चोरट्या मालाच्या भावात मिळू लागला. तोवरचा व्यवहार ठरलेला होता. कंपनीची डीव्हीडी काही शेकड्यांत जायची, म्हणून मध्यमवर्गीय घर ती लायब्ररीतून भाड्याने आणायचं, नाहीतर फुटपाथवरची पातळ पाकिटातली घ्यायचं. मोझर बेअर मुळात कोऱ्या डिस्क बनवणारी दिल्लीची कंपनी. जगातल्या मोठ्या उत्पादकांत तिचं नाव होतं. डिस्क घरचीच, तेव्हा सिनेमांचे हक्क घाऊक घ्यायचे आणि नफा खपावर काढायचा, असा सरळ हिशेब. गंमत म्हणजे फुटपाथवाल्यांच्या बर्नरमध्ये जाणाऱ्या कोऱ्या सीडींवरही बरेचदा हेच नाव असायचं.

डिस्क विकत घ्यावी की डिजिटल लायब्ररी करावी, यावर अमेरिकेत आणि युरोपात गेली पंधरा वर्षं हिरिरीने वाद चालू आहेत. आपल्याकडे असा वाद कधी रंगलाच नाही. आपण डिस्क जमवायला लागलो न लागलो तोच दुकानं बंद झाली, आणि डिजिटल म्हणून घरात जे आलं ती सरळसरळ मासिक वर्गणी होती. मधली पायरी आपण ओलांडूनच गेलो. तिचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात व्हीसीडीपासून करावी लागते. तिला घरात कुणी व्हीसीडी म्हणत नसे, सगळ्यांच्या तोंडी ‘सीडी’च.

१९९३ साली फिलिप्स, सोनी वगैरे कंपन्यांनी ठरवलेलं हे तंत्र पाश्चात्त्य देशांनी फारसं मनावर घेतलंच नाही. चीन, हाँगकाँग आणि भारताने मात्र ते उचलून धरलं. प्लेयर स्वस्त, डिस्क स्वस्त, आणि मुख्य म्हणजे आपल्या हवेत टिकणारी. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेली व्हिडिओ कॅसेट ज्यांनी उघडून पाहिली असेल, त्यांना टेपवरची पांढरी बुरशी आठवत असेल. सीडीला ती भीती नव्हती. चित्र मात्र यथातथाच. ३५२ बाय २८८ ठिपक्यांत सगळा पडदा बसवलेला, त्यामुळे लांबच्या दृश्यातल्या माणसाला चेहराच नसायचा आणि नाचगाण्यात मागची गर्दी म्हणजे नुसता रंगांचा काला. एका डिस्कवर ७४ मिनिटं मावत. मराठी सिनेमाला दोन, लांबलचक हिंदीला तीन. मध्यंतर दिग्दर्शकाने कुठेही ठेवलेलं असो, आपलं मध्यंतर ‘दुसरी सीडी टाक’ या हाकेवर व्हायचं.

सीडी अडकली की चित्राचे चौकोन पडत, आवाज तोतरा होई, आणि मग घरातला प्रत्येक जण तंत्रज्ञ बने. बनियनच्या मऊ कापडाने पूस, गोल पुसू नको, मधून बाहेर पूस, टूथपेस्ट लाव. यातला मधून बाहेर पुसण्याचा सल्ला बरोबर होता. पण एक गोष्ट जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हती. सीडीची सगळी माहिती चकाकत्या बाजूपेक्षा छापील बाजूच्या जास्त जवळ असते. वर फक्त लाखेचा पातळ थर आणि त्यावरची छपाई. चकाकत्या बाजूच्या ओरखड्यातून लेझर बऱ्याचदा वाट काढतो, छापील बाजूला नख लागलं तर माहितीचा थरच सोलून निघतो. आपण सगळे चकाकती बाजू जिवापाड जपत होतो आणि छापील बाजूवर बॉलपेनने ‘मामांना परत देणे’ असं दाबून लिहीत होतो. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये गेला, ब्लू-रेमध्ये तो पुन्हा चकाकत्या बाजूला, पृष्ठभागाखाली अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आला आणि त्यावर कठीण लेप चढला.

डीव्हीडीने चित्र सुधारलं, शिवाय उपशीर्षकं, दिग्दर्शकाचं निवेदन, वगळलेली दृश्यं असा सगळा सरंजाम आणला. तिच्याबरोबर विभागांची भानगडही आली. जगाचे सहा भाग पाडलेले. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. तिकडची डिस्क इकडच्या प्लेयरवर चालू नये, अशी व्यवस्था. पण हिंदी सिनेमाच्या बऱ्याच डीव्हीड्या या कुंपणाबाहेर होत्या. त्या कुठल्याही विभागात चालत, आणि भारतात टीव्ही पाल पद्धतीचे असूनही अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीने बनवलेल्या असत. कारण उघड आहे: पूर्ण किंमत मोजणारा खरा ग्राहक न्यू जर्सीत आणि टोरंटोत बसला होता. तिकडच्या मराठी घरांत मात्र हिंदीइतकी चैन नव्हती. मराठी सिनेमा आणि नाटकं बहुतेक व्हीसीडीवरच निघत, म्हणून ती इथून सुट्टीवरून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, भाजणी आणि गोडा मसाल्याच्या पुड्यांशेजारून जात. अमेरिकेतून येणाऱ्यांकडून कॅमेरे मागवले जात त्या काळात तिकडून फर्माईश येई ती नव्या नाटकांच्या सीडींची.

स्वस्ताईचा काळ फार टिकला नाही. ३४ रुपयांत डीव्हीडी देताना एकेका डिस्कवर तीन-तीन सिनेमे कोंबायची टूम निघाली आणि डीव्हीडीचं चित्र पुन्हा व्हीसीडीच्या वाटेने गेलं. फोनच्या मेमरी कार्डात पन्नास रुपयांत दहा सिनेमे भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. मग २०१६ उजाडलं. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, फेब्रुवारीअखेर मुंबईत काळ्या घोड्याजवळचं ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद झालं, सप्टेंबरात जिओ आलं, डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. एका वर्षात इतकं काही उलटंपालटं झालेलं मला तरी दुसरं आठवत नाही. ‘ऱ्हिदम हाऊस’ मुळात गाण्यांचं दुकान, पण जगभरच्या सिनेमांच्या डिस्क तिथे हाताळून बघता येत. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे अवसायनात निघाली. तिने बाजार फोडला, पण त्यात ती स्वतःही उरली नाही.

याच काळात अमेरिकेत खरीखुरी डिजिटल लायब्ररी कशी असते याचे प्रयोग चालू होते, आणि त्यांचे निकाल बघण्यासारखे आहेत. हॉलिवूडच्या बऱ्याच स्टुडिओंनी मिळून २०११ मध्ये अल्ट्राव्हायोलेट नावाची सेवा काढली. डिस्क विकत घेतली की आत एक संकेतांक. तो भरला की तोच सिनेमा तुमच्या ऑनलाइन कपाटात कायमचा जमा. हे कायम ३१ जुलै २०१९ पर्यंत चाललं. लोकांचे बहुतेक सिनेमे दुसऱ्या सेवांकडे वळवता आले, पण खिडकी बंद व्हायच्या आत हालचाल करावी लागली. २०२३च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की त्यांनी पैसे देऊन विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहातून जातील. बोंबाबोंब झाली, नवा करार झाला, कार्यक्रम राहिले. पण बोंबाबोंब करावी लागली. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला, २०२५ पासून लागू: डिजिटल माल विकताना ग्राहकाला स्पष्ट सांगा की हा परवाना आहे, मालकी नव्हे.

आपल्याकडे पैसे भरून डिजिटल सिनेमा ‘विकत’ घेणारे मुळातच मूठभर. त्यामुळे आपलं नुकसान वेगळ्या वाटेने होतं आणि बहुधा लक्षातही येत नाही. २०२३च्या डिसेंबरात थिएटरात आलेला ‘अन्नपूर्णी’ हा तमीळ सिनेमा नंतर नेटफ्लिक्सवर आला आणि वादानंतर जानेवारी २०२४ मध्ये तिथून काढला गेला. सिनेमा चांगला की वाईट हा मुद्दा इथे नाहीच. तो बघून ठरवायची सोय तेव्हा गेली. १९७१च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’चं २०२३ मध्ये तिकडच्या स्ट्रीमिंगवर अधिकच सूक्ष्म ऑपरेशन झालं: वंशवाचक शिवी असलेला तुकडा गुपचूप कापलेला निघाला. ज्यांच्याकडे जुनी डिस्क होती त्यांनी ती लावून पाहिली आणि मगच कात्री नेमकी कुठे चालली ते कळलं. मला डिस्कच्या बाजूने एवढा एकच युक्तिवाद पुरेसा वाटतो. एकदा छापलेली आवृत्ती नंतर कुणी येऊन दुरुस्त करत नाही.

चित्राच्या दर्जाचा युक्तिवादही खरा आहे, पण तो थोडा श्रीमंती आहे. फोर-के स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा प्रवाह मिळतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कवर तो १२८ पर्यंत जाऊ शकतो. अंधारातलं दृश्य, धुकं, पाऊस यांत हा फरक डोळ्यांना कळतो. पण त्यासाठी तसा टीव्ही हवा, तसा प्लेयर हवा, आणि शेजारी मिक्सर चालू नसलेली संध्याकाळ हवी.

आता डिस्कची दुसरी बाजू. डिस्कप्रेमी मंडळी ‘एकदा घेतली की जन्मभराची’ असं सांगतात, ते जरा जपूनच ऐकावं. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या वॉर्नर ब्रदर्सच्या काही डीव्हीड्या कपाटात ठेवल्या ठेवल्या खराब झाल्या, हे २०२५ मध्ये खुद्द कंपनीने मान्य केलं. दोन चकत्या जोडणाराच थर बिघडला असावा. माझ्याकडच्या एका स्वस्त डीव्हीडीच्या कडेला कॉफीच्या डागासारखी तांबूस कड आली आहे. सिनेमा मध्यंतरापर्यंत सुरळीत चालतो आणि पुढे प्लेयर ती ओळखतच नाही. अशी साधी, एका थराची डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेचा रोग गोष्टीच्या शेवटाला लागतो. रहस्यपट आहे, हे ओघाने आलंच.

आणि डिस्क शाबूत राहिली तरी ती लावायची कशावर? लॅपटॉपातून ड्राइव्ह कधीच गेले. ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेयर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेयर काढणं बंद केलं. टपालाने डीव्हीडी पाठवण्यापासूनच सुरुवात केलेल्या नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटची लाल पाकिटं पोस्टात टाकली. पंचवीस वर्षांत त्यांनी ५ अब्जांहून अधिक डिस्क धाडल्या होत्या. पुण्यात तपकीर गल्लीत अजून दुरुस्तीवाले भेटतात, पण लेझरचा सुटा भाग मागितला की जुन्या प्लेयरमधला काढून देतात.

त्याच वेळी उलटा प्रवाहही दिसतो. ‘ओपनहायमर’ची फोर-के डिस्क २०२३ मध्ये आल्या आल्या तिकडच्या दुकानांतून संपली. दिग्दर्शक नोलनने लोकांना उघड सांगितलं होतं की घरी डिस्क ठेवा, म्हणजे कुठली सेवा ती उचलून नेणार नाही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची गोष्ट तर त्याहून मोठी. मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली होती. ती इटलीतल्या बोलोन्यात पुन्हा उभी केली गेली आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने त्रयीच्या ब्लू-रे काढल्या. ‘पथेर पांचाली’ची तेव्हाची सर्वोत्तम घरगुती प्रत, आणि ती अमेरिकी विभागासाठी कुलूपबंद! ब्लू-रेच्या नकाशात भारत वेगळ्या विभागात पडतो. आपल्याकडे सरकारी चित्रपट महामंडळ एनएफडीसीने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने ‘जाने भी दो यारो’सारखे चित्रपट साफसूफ करून डीव्हीडीवर आणले, ते काम चांगलं होतं. पण ते आलं तेव्हा गिऱ्हाईक आधीच फोनकडे वळलेलं.

मराठीचा प्रश्न मला सगळ्यात जास्त खुपतो. चैतन्य ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ २०२०च्या व्हेनिस महोत्सवात पटकथेचं पारितोषिक घेऊन आला, २०२१च्या एप्रिलपासून तो नेटफ्लिक्सवर आहे. इथल्या दुकानात त्याची डिस्क माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे गुरू-शिष्य परंपरेवरचा, ध्वनिमुद्रणांच्या जतनावरचा सिनेमा, आणि तो घरी ठेवायची सोय नाही. त्याला जगभर प्रेक्षक आहे, तो कुठेतरी राहील. पण २००० ते २०१२ या काळात व्हीसीडीवर निघालेले शेकडो मराठी सिनेमे आणि नाटकं अशी आहेत की प्रकाशक कंपन्या बंद पडल्या, हक्क कुणाकडे आहेत याचा पत्ता नाही, आणि यूट्यूबवर जी प्रत आहे ती कुणीतरी घरच्या सीडीवरूनच चढवलेली. कधी चित्र ताणून माणसं जाडी केलेली, कधी कोपऱ्यात तिसऱ्याच वाहिनीचा शिक्का. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम मुख्यतः फिल्मच्या रिळांचं. वाड्यांतल्या माळ्यांवरच्या व्हीसीडींचा सांभाळ कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

म्हणून माझं सध्याचं धोरण असं आहे. नवे सिनेमे वर्गणीवर बघायचे, त्यांचा संग्रह करायचा सोस सोडायचा. पुन्हा पुन्हा बघावेसे वाटणाऱ्या थोड्यांच्या चांगल्या डिस्क घ्यायच्या, परदेशातून आल्या तरी. आणि घरातल्या जुन्या सीडी-डीव्हीडी बाहेरून जोडायच्या ड्राइव्हवर एकेक लावून हार्ड डिस्कवर उतरवायच्या, दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. आपल्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापराला काही मोकळीक आहे, आणि कुलूप तोडण्याविरुद्ध २०१२ मध्ये घातलेलं कलमही हक्कभंगाच्या हेतूला धरून आहे. व्हीसीडीला तर मुळात कुलूपच नव्हतं. एक सीडी उतरायला चांगली असेल तर दहाएक मिनिटं लागतात; ओरखडे असतील तर ड्राइव्ह तासभर घुरघुरत बसतो, आणि कधी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर तीच सीडी निमूट वाचली जाते.

क्रमही ठरवला आहे. हिंदी सिनेमे सगळ्यात शेवटी, ते कुठेही मिळतील. त्याआधी मराठी सिनेमे. आणि सगळ्यांत आधी नाटकांच्या सीडी, कारण त्यांत मूळ संच आहे, त्यातले बरेच कलावंत आता नाहीत, आणि त्या प्रयोगाची दुसरी प्रत बहुधा कुठल्याही संग्रहालयात नाही. पहिल्या खोक्यात अशा चाळीसेक निघाल्या. तीन नाटकांची दुसरी सीडी सापडत नाहीये. पहिला अंक आहे, शेवट कुणाकडे गेलाय ते नातेवाइकांना फोन करून विचारतोय.