गायकावाचून मैफल
(द्वितीय वर्ष, कला)

वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की पाचगणी लागते. तिथल्या निवासी शाळांच्या कमानी आपण एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेल्या असतात. कमानीच्या आत जाण्याचे कारण आपल्यापैकी फार थोड्यांना पडले असेल. त्यांपैकी सेंट पीटर्स शाळेत फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकत होता. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. आठेक वर्षांचा असताना समुद्र ओलांडून तो या डोंगरावर आला. शाळेतल्या मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानो वाजवी. पुढे १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली, कुटुंब इंग्लंडला गेले आणि १९७० साली लंडनमध्ये ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी तो हाच.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला, अवघ्या ४५ व्या वर्षी. आपल्याला एड्स झाला आहे, असे पत्रक त्याने आदल्याच दिवशी काढले होते. याला पुष्कळजण ‘कबुली’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही; कबुली गुन्ह्याची देतात, आजाराची नव्हे. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी झरतुष्ट्री पद्धतीने केले.

मागे राहिले तिघे: गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि बास गिटार वाजवणारा जॉन डीकन. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्याकडच्या रसिकाला चटकन उमगणार नाही. आपल्याकडे गवई गेला तरी त्याची गायकी शिष्यांच्या गळ्यात राहते. पुण्यतिथीला शिष्य बसतो, तीच चीज, तोच राग मांडतो, आणि जाणकार म्हणतात, ‘बुवांची आठवण झाली.’ रॉक बँडमध्ये अशी परंपरा नसते. गाणी चौघांनी मिळून एका विशिष्ट गळ्यासाठी बांधलेली असतात. तो गळा गेला की वाद्ये आहेत, वादक आहेत, गाणीही आहेत. पण ती गायची कुणी?

त्यांनी काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी एकाला बसवले नाही, अनेकांना बोलावले. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर हा कार्यक्रम झाला. पाहुण्यांची नावे जाहीर होण्याआधीच काही तासांत तिकिटे संपली होती. ७२ हजार लोक जमले. पूर्वार्धात मेटॅलिका, डेफ लेपर्ड, गन्स अँड रोझेस अशा बँडांनी आपापली गाणी म्हटली. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खरी परीक्षा उत्तरार्धात. क्वीनचे तिघे वाजवत राहिले आणि दर गाण्याला नवा गायक पुढे येत गेला.

ध्वनिचित्रफितीवर हा भाग पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. आलेले सगळे नावाजलेले, पण कुणाला वरचा स्वर जड जातो, कुणाला नाजूक जागा. रॉबर्ट प्लँटसारखा दिग्गज ‘इन्युएंडो’ गाताना शब्द विसरला आणि ते गाणे पुढे त्याच्याच इच्छेवरून चित्रफितीतून वगळण्यात आले. एकट्या माणसाने सहज पेललेले ओझे डझनभर माणसांत वाटले, तेव्हा कुठे त्याचे वजन कळले. अपवाद जॉर्ज मायकेलचा. त्याचे ‘समबडी टू लव्ह’ अजून लोक विसरलेले नाहीत. त्याच्या जिवलग सोबत्यालाही तेव्हा हाच आजार जडला होता आणि पुढच्याच वर्षी तो गेला, हे जॉर्जने फार उशिरा जगाला सांगितले. ते कळल्यावर गाणे वेगळेच ऐकू येते.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याची गंमत तर निराळीच. त्याचा मधला भाग ऑपेराच्या धाटणीचा. १९७५ साली तिघांचे आवाज एकावर एक चढवून तो स्टुडिओत तयार केला होता. रंगमंचावर तो गाणे अशक्यच, म्हणून फ्रेडी हयात असतानाही तिथे ध्वनिफीत लावत. त्या दिवशी सुरुवात एल्टन जॉनने केली, शेवटच्या धडाक्याला अॅक्सल रोझ धावत आला. मधल्या जागेत ध्वनिफीत वाजली.

आता दुसरी बाजू. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता; आयुष्य वाढवणारी संयुक्त औषधे १९९६ च्या सुमारास आली. ऐन कार्यक्रमात एलिझाबेथ टेलर या अभिनेत्रीने भाषण केले आणि निरोध वापरा असे भर मैदानात सांगितले. (हा शब्द आमचे संपादक ठेवतील अशी आशा आहे.) काही श्रोत्यांनी गलका केला, तरी तिने आपले म्हणणे पुरे केले. गन्स अँड रोझेसला बोलावण्यावरून वादही झाला, कारण त्यांच्या एका जुन्या गाण्यात समलिंगी लोकांविषयी आणि या रोगाविषयी हीन उद्गार होते. मला तो आक्षेप रास्त वाटतो. मिळालेल्या पैशातून ‘मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. ही संस्था एड्सविरोधी कामाला मदत करते.

नव्वदीच्या त्याच दशकात आमच्या भागातली मुंबईला कामाला गेलेली काही माणसे आजारी होऊन गावी परतत होती. आजी अशा एका मयताची हकिकत सांगते. तिरडीला खांदा द्यायला चौघे जमेनात. ‘टी.बी.ने गेला’ असे सांगायचे घरच्यांनी ठरवले होते, तरी दहाव्याला भावकीसुद्धा पुरती आली नाही. त्या माणसाला भजनात चांगला आवाज होता म्हणे; पण त्याच्यामागे त्याचा अभंग कुणी धरला नाही. वेम्बलीला ७२ हजारांनी रोगाचे नाव ऐकले आणि तरीही ते गायले, यातले मोल मला आजीच्या त्या हकिकतीमुळे कळले.

जॉन डीकनने १९९७ नंतर या व्यवसायातून अंग काढून घेतले. मे आणि टेलर यांनी आधी पॉल रॉजर्स आणि मग अॅडम लॅम्बर्ट या गायकाला घेऊन दौरे केले. लॅम्बर्टचा गळा तयारीचा आहे. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या त्या मधल्या भागाला त्यांनीही जुनी ध्वनिफीतच लावली.