आधी नळी, मग जॅक



‘तुम्ही दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आदिवासी भागात सेवेला जाता, तिथे नेमके करता काय?’ असे संपादकांनी विचारले. उत्तर एका ओळीचे आहे. आम्ही घराखाली सरपटत शिरतो आणि कललेले घर पुन्हा पातळीत आणतो. या कामाला कोणती हत्यारे लागतात, ती कशी निवडायची, आणि पहिल्या वर्षी माझी निवड कशी चुकली, ते या लेखात सांगतो.

दक्षिण डाकोटा राज्याच्या नैऋत्येला पाइन रिज हे ओग्लाला लाकोटा लोकांचे रिझर्व्हेशन आहे. तिथे बरीच कुटुंबे ट्रेलर घरात राहतात. ही घरे कारखान्यात बनतात आणि चाकांवर ओढून जागेवर आणली जातात. जून 1976 पासून त्यांच्या बांधणीला अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नियम लागू झाले. त्याआधीचीही काही घरे अजून वापरात दिसतात.

पक्के घर का नाही, असे मलाही वाटले होते. तिथली बरीच जमीन केंद्र सरकार आदिवासींच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते. जमीन हातची जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे. पण त्यामुळे ती गहाण ठेवून गृहकर्ज मिळवणे अवघड होते. आपल्याकडेही आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या नावे सहजासहजी होत नाही, आणि बँकेच्या दारात तोच प्रश्न उभा राहतो. ट्रेलर मात्र गाडीसारखा विकत घेता येतो. म्हणून माणसे ट्रेलर घेतात, आणि पुढे तो वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

घर कलते म्हणजे काय होते

ज्या आजींच्या घराने मला हे काम शिकवले, त्यांना सगळे ‘उन्ची’ म्हणतात. लाकोटा भाषेत आजीला उन्ची म्हणतात. उंची मोजायला आलेल्या मराठी माणसाला हा शब्द विसरणे शक्यच नव्हते.

उन्चींच्या घराचा मागचा दरवाजा उघडत नव्हता. पुढचा लागत नव्हता, म्हणून त्याला आतून घोंगडी लावलेली. हिवाळ्यात तिथे पारा उणे वीस अंश सेल्सियसच्या खाली जातो, आणि घरात लाकडाची शेगडी पेटलेली असते. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट नाही, याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटली. शिवाय घर कलले की सांडपाण्याच्या नळाचा उतार बदलतो, गॅसच्या नळीचे सांधे ताणले जातात आणि छपराच्या जोडातून पाणी झिरपते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी चीर ही बहुधा याची पहिली खूण असते.

अशा घराखाली लांबीच्या दिशेने दोन पोलादी गर्डर असतात. दर सात-आठ फुटांवर सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचे ठेंगणे खांब गर्डरला आधार देतात. घर दहा-पंधरा टनांचे असते. एक खांब दोन इंच खचला तरी त्याच्या वरचा गर्डर वाकतो, आणि भिंती त्याच्या मागे जातात.

खांब खचतात ते जमिनीतल्या पाण्यामुळे. तिथली चिकणमाती आपल्या वऱ्हाड-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी वागते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यात भर हिवाळ्याची. जमीन तीन-साडेतीन फुटांपर्यंत गोठू शकते, आणि गोठताना खांब वर ढकलते. वसंतात बर्फ वितळले की तेच खांब खाली बसतात, पण सगळे सारखे बसत नाहीत.

पहिल्या वर्षीची चूक

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात गेलो. सोबत एका मित्राची फिरती लेझर लेव्हल होती. अर्ध्या दिवसात मापे घेतली, दुसऱ्या दिवशी घर सरळ केले. दोन्ही दरवाजे अलगद लागले. उन्चींनी जेवू घातले, आम्ही फोटो काढले आणि परतलो.

सप्टेंबरात त्यांच्या नातवाचा फोन आला. मागचा दरवाजा पुन्हा अडकला होता.

मी दोन चुका केल्या होत्या. छपराचे पाणी ईशान्येच्या कोपऱ्यावर पडून घराखाली जात होते, तिकडे मी पाहिलेच नाही. मे महिन्यात ती माती फुगलेली होती. तिच्यावर मी पातळी साधली आणि उन्हाळ्यात माती आटली. दुसरी चूक हत्याराची. लेझर आमच्याबरोबर परत आली होती. कोणता खांब किती खचला हे पाहायला त्या घरात काहीच उरले नव्हते. पुढचा उन्हाळा येईपर्यंत एक अख्खा हिवाळा त्यांनी त्याच दरवाजासह काढला.

मोजायचे कशाने

तीन साधने समोर असतात: पाणसळ, लेझर आणि पाण्याची नळी.

पाणसळ दरवाजाची चौकट किंवा एखादी पायरी तपासायला उत्तम. पण साठ-सत्तर फूट लांब गर्डर चार फुटी पाणसळीने टप्प्याटप्प्याने मोजला, तर प्रत्येक टप्प्याची बारीक चूक पुढच्या टप्प्यात जमा होत जाते.

लेझर वेगवान आणि अचूक असते. पण घराखाली तिची रेषा खांबांना, चाकांच्या आसाला, हवेच्या नळकांड्यांना अडते. ती महाग असते, बॅटरीवर चालते आणि पडली तर तिची अचूकता बिघडते.

आपला गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी कोपऱ्यातून वळते, खांबाला वळसा घालते आणि अंधारातही चालते. तिची एक खोड आहे. एक टोक हलवले की दोन्ही टोकांतले पाणी सरकते, म्हणून दरवेळी दोन्हीकडे वाचावे लागते. त्यावर उपाय सोपा आहे. एक टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बांधावे. बादली रुंद असते, त्यामुळे नळीत पाणी थोडे वरखाली झाले तरी बादलीची पातळी जवळजवळ बदलत नाही. मग एकट्या माणसालाही मापे घेता येतात.

नळीत बुडबुडा राहता कामा नये. पाण्यात थोडा रंग टाकावा. नळीचा काही भाग उन्हात आणि काही सावलीत नसावा, कारण तापलेले पाणी हलके होते आणि माप चुकते. मापे घेताना टोकाचा अंगठा किंवा बूच काढायला विसरू नये. हे विसरण्याचा मान माझ्याकडे दोनदा आला आहे.

माप असे घ्यावे. गर्डरच्या खालच्या कडेपासून नळीतल्या पाण्यापर्यंतचे अंतर प्रत्येक खांबाशी मोजावे. समजा ज्या खांबावर आपला भरवसा आहे तिथे ते 6 इंच भरले, आणि कोपऱ्यावर साडेचार. म्हणजे कोपरा दीड इंच, आपल्या गवंड्याच्या भाषेत बारा सूत, खाली आहे. सगळ्या खांबांचा नकाशा काढून हे आकडे लिहावेत. आकडे लिहून झाल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

उचलायचे कशाने

गाडीचा चाक बदलायचा जॅक इथे चालत नाही. त्याचे बूड लहान असते आणि तो सहज कलंडतो. आम्ही बारा किंवा वीस टनी हायड्रॉलिक बाटली जॅक वापरतो. हिशेबाने एका खांबावर पाऊण टनाच्या आसपासच भार येतो. मग एवढा मोठा जॅक कशाला? कारण एक जागा उचलली की शेजारच्या खांबांचा भारही तिथे येतो, आणि जुन्या जॅकची ताकद लेबलवर लिहिल्याइतकी उरलेली नसते. असे दोन जॅक असावेत.

जॅकखाली जाड लाकडी फळ्यांची बैठक हवी, नाहीतर घर वर जाण्याऐवजी जॅकच मातीत जातो. जॅकचे डोके आणि गर्डर यांच्यामध्ये पोलादी पट्टी ठेवावी. जॅक गर्डरखालीच लावावा, जमिनीच्या तुळयांखाली कधीही नाही.

आणि एक नियम कधीच मोडू नये: नुसत्या जॅकच्या भरवशावर घराखाली अंग घालायचे नाही. प्रत्येक जॅकशेजारी चौकोनी ओंडक्यांची आडवी-उभी चवड रचावी आणि घर जसजसे वर जाईल तसतशी ती वाढवावी. जॅकचे तेल गळले तर घर चवडीवर टेकते, माणसावर नाही. हात कधीही ब्लॉक आणि गर्डरच्या मध्ये घालू नये. एक सोबती कायम बाहेर असावा.

टेकू आणि पाचर

खांबाचा पाया म्हणून आम्ही सोळा इंची चौरस, चार इंच जाडीची काँक्रीटची लादी घालतो. त्यावर आठ बाय आठ बाय सोळा इंचांचे ब्लॉक, भोके वर-खाली आणि लांब बाजू गर्डरला आडवी. छत्तीस इंचांपर्यंत एकेरी रास चालते. त्याहून उंच खांब दुहेरी आणि एकमेकांत गुंफलेले लागतात. ते काम जाणकाराकडे द्यावे. वर सपाट टोपी-ब्लॉक किंवा कठीण लाकडाची फळी, आणि उरलेल्या फटीत पाचर.

पाचर कठीण लाकडाचीच हवी, किमान चार इंच रुंद आणि सहा इंच लांब. ती जोडीने, समोरासमोरून ठोकतात, म्हणजे वरची बाजू सपाट राहते. पाचरींची मिळून उंची एक इंचापेक्षा जास्त नसावी. फट मोठी असेल तर जाड फळी घालावी. उन्चींच्या घराखाली मला प्लायवुडचे तुकडे आणि एका ठिकाणी दुमडलेला पुठ्ठा सापडला होता. पुठ्ठा भिजला की सगळी मेहनत वाया जाते.

कामाचा क्रम

दुसऱ्या वर्षी आम्ही जुलैअखेर गेलो, जमीन निथळल्यावर. आधी तीन दिवस फक्त पाण्याचे काम केले. छपराला पन्हळ लावली, कोपऱ्यावर मातीचा भराव घालून घरापासून दूर उतार दिला आणि सांडपाण्याचा एक गळका सांधा बदलला. मग घराभोवतीचे पत्रे काढून खालचा भाग वारा खाऊ दिला. तिथे उंदरांच्या लेंड्या असतात आणि त्यातून हंताविषाणूची बाधा होऊ शकते. हा आजार 1993 मध्ये नैऋत्य अमेरिकेत, नवाहो लोकांच्या भागात प्रथम ओळखला गेला. म्हणून कोरडे झाडू नये. ब्लीचचे पाणी शिंपडून, थोडे थांबून, मास्क लावून साफ करावे.

त्यानंतर गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वाऱ्यात घर धरून ठेवणारे जमिनीतले पट्टे सैल केले. घराच्या मध्यापासून टोकांकडे गेलो. एका वेळी एका जागी दोन ते चार सूत, त्याहून जास्त नाही. दोन्ही गर्डरवर फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्यापासून. घाई केली की काच तडकते. प्रत्येक फेरीनंतर उन्ची आतून दरवाजा लावून पाहायच्या आणि ओरडून सांगायच्या. शेवटी पट्टे पुन्हा ताणले आणि गॅसच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिले.

दोन भागांचे जोडघर असेल, गर्डर वाकलेला किंवा गंजून गेला असेल, तर मात्र स्वतः हात घालू नये. परवानाधारक कारागीर बोलवावा.

मागे काय ठेवायचे

या वेळी नळी, बादली, एक जॅक, चवडीचे ओंडके आणि पाचरींची पिशवी तिथेच ठेवून आलो. नकाशावरचे आकडे नातवाने ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिले. जेवढ्या वेळा मी मोजले, तेवढ्याच वेळा त्याच्याकडूनही मोजून घेतले.

यंदा आम्ही पोचलो तेव्हा त्या दारावर नव्या तारखेची एक रांग होती. बर्फ वितळल्यावर त्याने स्वतः मापे घेतली होती. एक खांब दोन सूत बसला होता. शेजारच्या मित्राला सोबतीला घेऊन, चवड रचून, त्याने पाचर बदलली होती. मागचा दरवाजा एका बोटाने उघडत होता. उन्चींनी तो मला तीन वेळा उघडून दाखवला.

आपल्या भागात कुठे पोर्टा केबिनमध्ये वर्ग किंवा दवाखाना भरत असेल आणि तिचा दरवाजा पावसाळ्यानंतर अडकू लागला असेल, तर आधी छपराचे पाणी कुठे जाते ते पाहा. मग गावातल्या गवंड्याची नळी मागून आणा. आणि कुणी दानशूर ‘कोणते यंत्र पाठवू?’ असे विचारील, तेव्हा आपण निघून गेल्यावर ते कोण वापरणार, हे आधी ठरवा.