बुलडाण्याचा माणूस 'परप्रांतीय' होता तेव्हा

ऑक्टोबर 2008 मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबई परिसरात बदडून काढण्यात आले. मराठी संस्कृती वाचविण्यासाठी म्हणे! ही संस्कृतीरक्षक मंडळी अजूनही अधूनमधून बाह्या सरसावतात. त्यांना आम्ही बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास वाचायला सांगू.

हा जिल्हा वऱ्हाडातला. 1853 पर्यंत निजामाचा, मग इंग्रजांच्या ताब्यात. 1903 साली मध्य प्रांताला जोडला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात. 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. म्हणजे 1956 पूर्वी मेहकर-चिखलीहून पोटासाठी मुंबई गाठणारा आमचा माणूस कागदोपत्री परप्रांतीयच होता! भाषा तीच, भाकरी तीच. सरकली ती फक्त नकाशावरची रेघ.

होळीला सैलानीच्या यात्रेत हिंदू, मुसलमान, परराज्यांतले लोक एकत्र येतात. तिथल्या अंधश्रद्धेला आमचा विरोध आहेच. पण कोण बाहेरचा, हे तिथे कुणी विचारत नाही.

आणि माणूस गाव सोडतो कशासाठी? आमच्या बापजाद्यांना तर गावाने आधीच वेशीबाहेर ठेवले होते. पाणवठा बंद, देऊळ बंद. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा समाचार घेतला तो उगाच नव्हे. देशात कुठेही जाण्याचा, राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम 19 ने दिला. आमच्यासाठी तो सुटकेचा दरवाजा ठरला. तोच दरवाजा बिहारच्या दलित मजुरासाठी आम्ही कोणत्या तोंडाने बंद करायचा?

आजही जिल्ह्यातले भूमिहीन सुरतेकडे जातात. उद्या तिथे कुणी भूमिपुत्राची काठी उगारली, तर हे संस्कृतीरक्षक त्यांच्या मदतीला धावणार आहेत काय?