क्षितिज आणि वर्गमुळाचा आलेख

जुहूच्या किनाऱ्यावर डोळे 1 मीटर उंचीवर असतील, तर समुद्राचं क्षितिज सुमारे 3.6 किलोमीटरवर दिसतं. 4 मीटरवरून दुप्पट, 9 मीटरवरून तिप्पट लांब. अंधेरीच्या सुमारे 61 मीटर उंच गिल्बर्ट हिलवरून, आड इमारती नसत्या तर, जवळपास 28 किलोमीटरवर.

म्हणजे क्षितिजाचं अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हा वर्गमुळाचा आलेख कलनशास्त्राविना काढता येतो. आडव्या अक्षावरच्या 0, 1, 4, 9, 16 वर 0 ते 4 उंचीचे बिंदू मांडा. शून्याच्या डावीकडे रेघ नाही. 0.01 चं वर्गमूळ 0.1, म्हणजे दहापट. म्हणून सुरुवात जवळजवळ उभी. पुढचं वळण एकच सुंदर ओळ सिद्ध करते:

√ब − √अ = (ब − अ) ÷ (√ब + √अ)

छेद वाढतो, तसा वक्र आडवा होत जातो. चढणं मात्र थांबत नाही.